गोधडीची किंमत कोणी ठरवायची?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चतुर्थीच्या आधी गावोगावची महिला मंडळे जे बाजार भरवतात, त्यांत अलीकडे लोणची, पापड आणि माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या) सामानाच्या जोडीने हाताने शिवलेली गोधडी पुन्हा दिसू लागली आहे. जी वस्तू आपणच जुनाट म्हणून माळ्यावर टाकली होती, ती आता पणजी-मडगावच्या सदनिकांत कौतुकाने सोफ्यावर अंथरली जाते. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत निवृत्त शिक्षिका, बँकेच्या नोकरीतून मोकळ्या झालेल्या बायका आणि मुले परगावी गेल्यामुळे दुपार रिकामी पडलेल्या गृहिणी छंद म्हणून तुकडे जोडायला बसतात. मीही त्यांच्यातलीच एक आहे. या उत्साहाचे स्वागतच करायला हवे. मात्र त्याची एक बाजू मंडळाच्या बैठकीत कोणी उघडपणे बोलत नाही, आणि तिच्यामुळे ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांच्या ताटात हात जातो, म्हणून हे पत्र.

छंद म्हणून शिवणारी बाई आपली गोधडी विकायला मांडते तेव्हा तिचा हिशेब साधा असतो. साड्या घरच्याच, वेळ मोकळाच, खर्च काय तो दोऱ्याचा आणि अस्तराचा. सातआठशे रुपये आले तरी तिला पुष्कळ वाटते. कौतुक झाले, यातच तिचे समाधान. त्याच रांगेत दोन टेबले पलीकडे सत्तरी तालुक्यातून किंवा धारबांदोड्याहून बस बदलत आलेली एखादी बाई बसलेली असते, जिच्या घरी याच पैशांतून गॅसचा सिलिंडर येतो. तिने दोन हजार सांगितले की गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणते, ‘तिकडे तर आठशेला मिळते.’ मग तीही भाव पाडते, आणि पुढच्या वर्षी प्रदर्शनाला येतच नाही. कळंगुट-बागाच्या दुकानांत मिळणाऱ्या राजस्थानी रजयांना आपण नावे ठेवतो, पण निदान आपल्या गावच्या बाजारात तरी या बाईचा भाव रजयांनी पाडलेला नसतो, तो आपण पाडलेला असतो.

या कामाला वेळ किती लागतो, हे न शिवणाऱ्यांना माहीत नसते आणि शिवणाऱ्या सांगत नाहीत. जमिनीवर चार-पाच थर सुरकुती न पडू देता पसरायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवून कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यायचे आणि मग काठाकाठाने धावदोरा चालवायचा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आला पाहिजे आणि दोन ओळींत बोटभराहून जास्त अंतर राहता कामा नये, नाहीतर दोन धुण्यांत आतले जुने कापड गोळा होते. थर जाड असेल तर अंगुस्तान घालूनही सुई रेटताना बोट दुखते. नवे सुती अस्तर आधी भिजवून आटवून घ्यावे लागते, कारण जुन्या साडीने आपले आटणे केव्हाच संपवलेले असते आणि नव्या कापडाने ते गोधडी पुरी झाल्यावर सुरू केले तर सगळी चुणते. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे लागते. आता समजा अंथरुणाएवढ्या दाट टाक्यांच्या गोधडीला ऐंशी तास धरले आणि तासाला पन्नासच रुपये लावले, तरी मजुरीच चार हजार होते. तासाला पन्नास म्हणजे आठ तासांच्या दिवसाला चारशे. एवढ्या रोजावर आज काजूच्या बागेतले रान साफ करायलाही माणूस मिळत नाही.

तुकडे जोडणाऱ्या बायकांवर ही वेळ पहिल्यांदाच आलेली नाही. अहमदाबादच्या दरियापूर भागात गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या गरीब मुस्लिम स्त्रिया होत्या. चिंधी देणारा व्यापारी, शिवलेली खोळ घेणाराही तोच, आणि दर ठरवणाराही तोच. १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेच्या आधाराने त्यांनी दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच थांबवले. मग त्यांनी गिरण्यांकडून थेट चिंधी मिळवून स्वतःचे उत्पादन केंद्र उभे केले, आणि त्यातूनच पुढे ‘सबीना’ ही सहकारी संस्था झाली. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला संस्थेची नोंदणी वाटत नाही. कच्चा माल हातात आला तेव्हा दर हातात आला, ती गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स परगण्यात कृष्णवर्णीय शेतमजूर स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली, तिचा अनुभवही उपयोगी आहे. नाव झाले ते गोधड्यांचे, पण नियमित रोजगार पुढे सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्यातून मिळाला. आपल्याकडेही मोठी गोधडी वर्षाकाठी मोजकीच विकली जाणार. बाळाचे दुपटे, उशीचा अभ्रा, जेवणाच्या टेबलावरची पट्टी यांवरच महिन्याचा खर्च निघेल, हे लक्षात ठेवलेले बरे.

अहमदाबाद आणि अलाबामा दूरचे वाटत असतील तर घाट ओलांडून यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडे पाहावे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी अनेकजण पळून उत्तर कन्नडच्या जंगलांत गेले. तिथल्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. सिद्दी बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात ती काठापासून सुरू करून आत आत सरकत, मधला तुकडा सगळ्यात शेवटी. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ बसवल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. हेन्री ड्रूवाल या अमेरिकी अभ्यासकाच्या मदतीने या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांच्या कवंदी परदेशांतल्या संग्रहालयांपर्यंत पोचल्या. ज्यांच्या पूर्वजांना गोव्याने गुलामीत ठेवले, त्यांच्याकडून गोव्याने आज शिकण्यासारखे बरेच आहे, असे मला मनापासून वाटते.

यावर कोणी म्हणेल की गोव्यात स्वयंसाहाय्य गटांना काय तोटा आहे! तोटा नाही, हे खरे. गट बचत करतो, आपसांत कर्ज देतो, बँकेशी जोडलेला असतो; ही कामे तो चांगली करतो. पण दहा-पंधरा जणींच्या गटात गोधडी शिवणारी एखादीच असते. बाकीच्या कोणी चणे-खाजे करते, कोणी मसाले. त्या एकटीला कापड कुठून आणावे, भाव काय लावावा, हॉटेलवाल्याशी काय बोलावे, हे विचारायला गटात कोणी नसते, आणि तिच्यासारखीच दुसरी शेजारच्या पंचायतीत असते, पण दोघींची ओळख नसते. मला जे सुचवायचे आहे ते नव्या गटाविषयी नाही. असलेल्या गटांतल्या आणि घरोघरच्या गोधडी शिवणाऱ्यांनी तालुक्याच्या पातळीवर महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एवढेच. त्याला अध्यक्ष नको, उद्घाटन तर अजिबात नको. आपल्याकडे उद्घाटनाला येतात तेवढे पाहुणे गिऱ्हाईक म्हणून आले असते तर हे पत्र लिहावेच लागले नसते.

अशा बैठकीत पहिला विषय कापडाचा घ्यावा. शिंप्यांकडच्या कातरणात आता निम्म्याहून अधिक कृत्रिम धाग्याचे कापड असते. ते घसरते, इस्त्रीला वितळते आणि सुती तुकड्याशेजारी नीट बसत नाही. एकटी बाई कातरणाची पिशवी मागायला गेली तर शिंपी जे असेल ते देतो. पंधरा जणींच्या वतीने कोणी दर आठवड्याला नेणार असेल, तर सुती कातरण वेगळे ठेवायला तो तयार होतो. दुसरा साठा आपल्या डोळ्यांसमोर आहे, तो म्हणजे हॉटेलांच्या बाद झालेल्या चादरी. एखादा डाग किंवा फाटका कोपरा यांमुळे त्या काढून टाकल्या जातात. उरलेले कापड अनेक वेळा धुतलेले आणि पूर्ण आटलेले असते, म्हणजे अस्तराला त्याहून चांगले काही नाही. ते भावाने मिळवायचे तर एकत्र बोलणारे कोणी हवे.

त्याहून अवघड प्रश्न पैशांच्या वेळेचा आहे. आपल्याकडे शिवणकामाला खरी सवड जून ते सप्टेंबरमध्ये मिळते, आणि विक्री होते ती पर्यटनाच्या हंगामात, नाताळाच्या आसपास. म्हणजे दोरा, अस्तर, वीज यांवर पावसाळ्यात खर्च करायचा आणि पैसे डिसेंबर-जानेवारीत पाहायचे. मधल्या काळात तयार माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर त्याला बुरशी येते, तोही सांभाळायचा. जिची चूल या कामावर आहे, ती एवढे थांबू शकत नाही, म्हणून ऑगस्टमध्येच मिळेल त्या भावाने माल देऊन टाकते. गटाच्या अंतर्गत कर्जाचा उपयोग इथे व्हायला हवा. पण कर्ज मागणारीच्या बाजूने ‘हिचा माल डिसेंबरात इतक्याला जाईल’ असे सांगणारे कोणीतरी लागते, आणि ते गोधडी जाणणाऱ्यांनाच सांगता येईल.

दुकाने आणि रिसॉर्ट माल ठेवून घेतात आणि विकल्यावर पैसे देऊ म्हणतात, ही नेहमीची तक्रार. माझ्या ओळखीतल्या एकीचा माल किनाऱ्यावरच्या एका दुकानात हंगामभर पडून होता आणि परत आला तेव्हा उन्हाने एका बाजूने विटलेला होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे, पण तो फारच थोड्या जणींना माहीत आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उद्योगाकडून माल विकत घेतला तर करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि मुदतीचा करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीमुळे अशी थकबाकी ठेवणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी दाखवताही येत नाही, त्यामुळे त्याचा हिशेबनीसच त्याला आठवण करून देतो. मात्र ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर नुसता ठेवलेला माल हा विकलेला माल नव्हे. म्हणून लहान का होईना, पण लेखी मागणी घ्यावी आणि बिल द्यावे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारे दलाल सर्वत्र आहेत, त्यांना एक रुपयाही देऊ नये. तसेच सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत गोधडी वेगळी नसली तरी शिवणकाम आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज त्यात मिळू शकते.

हे सगळे अर्ज, बिले, फोटो, इंग्रजीतली पत्रे कोण करणार? इथे छंदवाल्यांचे काम येते. आम्हाला वेळ आहे, मोबाईल नीट वापरता येतो, बँकेतल्या माणसाशी बोलताना जीभ अडखळत नाही. ज्यांच्या हाताला आमच्याहून कितीतरी चांगला टाका आहे, त्यांच्या वहीचे काम आम्ही करावे. बदल्यात त्यांच्याकडून कोपरा कसा वळवायचा, ते शिकावे. आणि गोधडी विकायचीच असेल तर तालुक्याच्या बैठकीत ठरलेल्या किमान भावाच्या खाली विकू नये. तेवढ्याला जात नसेल तर नातवंडाला द्यावी, भाचीच्या लग्नात द्यावी, पण आठशेला मांडू नये. माझ्या मैत्रिणींना हे कडू लागेल याची मला कल्पना आहे.

हस्तकला, वस्त्रोद्योग व काथ्या संचालनालय आणि प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती आहे. यंदाच्या चतुर्थीच्या बाजारापासून प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी सक्तीची करावी : हाताने की मशीनने शिवली, कापड सुती की मिश्र, अंदाजे किती तास लागले आणि कोणत्या गावात शिवली. टेबलाचे भाडे माफ केले नाही तरी चालेल, पण चिठ्ठी नसलेला माल मांडू देऊ नये. फोंडा तालुक्यातल्या शिवणाऱ्यांची पहिली बैठक पाऊस सुरू होण्याआधी घ्यावी, असा आमचा विचार चालला आहे. आपल्या दैनिकाने तिची दोन ओळींची सूचना छापली तर आतल्या गावांतल्या बायकांपर्यंत ती पोचेल, कारण तिथे आजही सकाळी वर्तमानपत्रच हाती येते.

आपली विश्वासू,
गोधडी शिवणारी एक वाचक
फोंडा, गोवा