लाल टोपण

पर्वरी,
आषाढी एकादशीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर तीनदा विषय तोंडाशी आला आणि तीनदा मी तो गिळला. आई, तू विचारलंसही, "आवाज असा का गं?" मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, बाबा नुसतं "बरं" म्हणून फोन तुझ्या हातात देऊन बाहेर सोप्यावर जाऊन बसले असते आणि माझं सांगणं अर्धंच राहिलं असतं. म्हणून पत्र. बाबा, चष्मा शोधत बसू नका, दादा वाचून दाखवेल. त्याला मी आधी सांगितलं, याचा राग धरू नका. कुणाला तरी आधी सांगावंच लागणार होतं.

मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. बेळगावला एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा कोर्स. पहिल्या वर्षाची फी भरून झाली. म्हणजे हे पत्र विचारण्यासाठी नाही, सांगण्यासाठी आहे आणि लिहायला बसल्यापासून मला तेच टोचतंय. तुम्हाला न विचारता मी साधी स्कूटरही घेतली नव्हती. पण विचारलं असतं तर तुमच्या काळजीपुढे माझं काही चाललं नसतं. मी थांबले असते, आणि थांबायचं नव्हतं.

आता बेळगावचं. आई, तू कितीदा तरी गेली आहेस तिथे. दादाच्या लग्नाचा बस्ता तिथलाच. साखळीहून चोर्ला घाट चढला की आलंच. खरं सांगायचं तर पर्वरीत राहून तरी मी कितीशी घरी येत होते? नाइट संपवून यायचं, तुझ्या हातची पेज प्यायची, दिवसभर झोपायचं, संध्याकाळच्या बसने परत. तिथे रविवार मोकळा असेल. पावसात घाटात दरड आली तर एखादा रविवार चुकेल, तेवढंच. होस्टेल कॉलेजच्या आवारातच आहे, मेसमध्ये भात मिळतो, आजूबाजूला बरेच जण मराठी बोलतात. उकडे तांदूळ आणि सोलं मी इथूनच नेणार. चवथीला मी घरी आहे. गणपतीच्या वर माटोळी बांधायला बाबांना स्टुलावर चढू द्यायचं नाही, ते माझं काम आहे आणि माझंच राहील.

आता कारण सांगते. हे तुम्हाला मी कधीच सांगितलेलं नाही.

मागच्या चवथीला मी आठ दिवस गप्प गप्प होते, आठवतं? आई, तुला वाटलं त्या डिचोलीच्या स्थळाचं काहीतरी मनाला लागलं. ते नव्हतं. त्याच्या आदल्या महिन्यात माझ्या शिफ्टला एक चूक झाली होती. वॉर्डात नवी मुलगी, सत्तरी तालुक्यातली, रुजू होऊन तीन आठवडे झालेले. शिफ्टची इन्चार्ज मी. बाबांच्याच वयाचे एक पेशंट होते, रात्री दहाचं त्यांचं इन्सुलिन, 16 युनिट. कुपी होती 100 वाली, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 100 युनिट. तिने सिरिंज घेतली लाल टोपणाची. लाल टोपण 40 वाल्या कुपीसाठी असतं, 100 ला नारिंगी. लाल सिरिंजमध्ये 16 च्या रेघेपर्यंत औषध भरलं की होतं 0.4 मिलीलीटर, आणि 100 वाल्या कुपीतून तेवढं घेतलं म्हणजे 40 युनिट. सोळाच्या जागी चाळीस. रेघ बघून तिने अगदी बरोबर भरलं होतं. दोनदा बघितलं होतं.

पहाटे चारला त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हाक मारली. मी गेले तर अंगातला सदरा पिळून काढावा इतका घाम, बोलणं बरळल्यासारखं. साखर 41. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ड्रिप चालू ठेवावी लागली, कारण ते इन्सुलिन चोवीस तास अंगात काम करत राहतं. ते वाचले. चालत घरी गेले. जाताना त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले, कारण त्यांना वाटलं, हिने रात्रभर आपली सेवा केली.

तिला मेमो मिळाला. महिनाभरात ती नोकरी सोडून गेली. "हिला शिकवलं कुणी?" हा प्रश्न कुणीच विचारला नाही. रुजू झाल्यावर तिला एक दिवसाचं ट्रेनिंग मिळालं होतं, त्यात आग लागली तर काय करायचं, कचऱ्याची पिवळी पिशवी कुठली, लाल कुठली आणि अंगठा कुठल्या यंत्रावर लावायचा. संध्याकाळी पाचला तिची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी आठला वॉर्डात उभी केली. आणि मी? इन्चार्ज मी होते. माझ्या मनात एकदाही आलं नाही की हिला दोन्ही सिरिंजा समोर ठेवून दाखवाव्यात. मला येत होतं, म्हणून तिलाही येत असेल असं धरून चालले. बाबा, हे मला अजून रात्री आठवतं.

आता आई, नीट ऐक, हे तुझ्यासाठी आहे. तुझी शाळा चौथीनंतर सुटली याचं तू अजून मनाला लावून घेतेस. बाबांचं इन्सुलिन सुरू झालं तेव्हा तू म्हणालीस, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. आपण जेवणाच्या टेबलावर बसलो. मी एकदा करून दाखवलं, मग तुला म्हटलं, "आता तू मला दाखव." कुपी तळहातांत हळू फिरवायची, हलवायची नाही. आधी हवा सोडायची, मग औषध ओढायचं, बुडबुडा आला तर बोटाने टिचकी. तू पाण्याने भरून संत्र्यात टोचलंस. एकदा, दोनदा, अकरा वेळा. अकराव्यांदा मी काहीच बोलले नाही आणि तू माझ्याकडे न बघता सगळं केलंस. त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तुझ्या हातून एक चूक नाही. ती मुलगी तीन वर्षं शिकून, परीक्षा पास होऊन आली होती. तिला संत्रं कुणी दिलं नाही, एवढाच फरक.

आमच्याकडे शिकवणं होत नाही असं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने पाच वर्षांत 150 तासांचं पुढचं शिक्षण ठरवून दिलंय. पण ते तास भरतात कसे, ते मी इतकी वर्षं बघतेय. सकाळची ड्यूटी दोनला सुटते, अडीचला वर्ग. पहाटे पाचला उठलेल्या बायका, बंद खोली, पडद्यावर इंग्रजी वाक्यं, आणि समोरची व्यक्ती तीच वाक्यं वाचून दाखवणार. समजलं का म्हटलं की सगळ्या माना हलवतात. मराठी शाळेतून आलेल्या आमच्या पेडणे-सत्तरीच्या मुली तर सगळ्यांत जोरात हलवतात, कळलं नाही हे कळू नये म्हणून. मीही हलवली आहे. दुसऱ्या बाजूला वॉर्डातल्या जुन्या सिस्टर. नुसती पेशंटच्या खाटेशी उभी राहून "याला आज बरं नाही" असं ओळखणारी माणसं, पण ते कशावरून ओळखलं हे शब्दांत सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं त्यांचा पेशंटशी संबंध सुटून दहा वर्षं झालेली. मला यांच्या मधली व्हायचंय. वॉर्डात उभी राहून शिकवणारी.

ते उपजत येत नाही, शिकावं लागतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशन हा स्वतंत्र विषय आहे. पाठ कसा आखायचा, करून दाखवल्यावर समोरच्याकडून करून कसं घ्यायचं, चूक झाली तर माणूस न मोडता ती कशी दाखवायची. बाबा, तुम्ही म्हणाल, नर्सला कसली आलीय एम.एस्सी.? तुम्हाला साल सांगितलं की पटतं, म्हणून सांगते. आपल्या देशात नर्सिंगची पदवी 1946 साली सुरू झाली, दिल्लीला आणि वेल्लोरला. ज्या वर्षी 18 जूनला लोहियांनी गोवामुक्तीसाठी मडगावात सभा घेतली, तेच वर्ष. तेव्हा कुणाला तरी वाटलं होतं की हे काम नुसत्या हातांचं नाही.

आणि खरं तर शिकवायचं कसं हे मी आधी तुमच्याकडूनच बघितलं. देवळामागच्या पडवीत तुम्ही पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावायचात आणि मी परातीतला एक गोळा चोरायची. भजनाला येणाऱ्या पोरांना तुम्ही कधी "ऐका" म्हणाला नाहीत. त्यांचा हात आपल्या हाताखाली घ्यायचात, "धा दिं ता", आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी हळूच हात काढून घ्यायचात. पोराला कळायचंही नाही. मी मुलींना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायला शिकवते ना, छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच सेंटीमीटर खोल, तेव्हा आकडे सांगून कुणालाच जमत नाही. घाबरलं की सगळ्या पळायला लागतात. मी मागे उभी राहून टाळीवर लय धरते. लय बसली की थांबते. ऐकत राहते. त्या मुली तुम्हाला ओळखत नाहीत बाबा, पण हात तुमचाच आहे.

पैशांचं. मला माहीत आहे तुमच्या दोघांच्या मनात पहिलं काय आलं. 2012. खाणी बंद झाल्या आणि बाबा त्या वर्कशॉपचा डबा घेऊन घरी आले तो दिवस आपल्यातलं कुणीच विसरलेलं नाही. तेव्हा माझा पगार होता म्हणून आणि आता नसणार म्हणून तुम्हाला धस्स होईल. होऊ देऊ नका. दोन्ही वर्षांच्या फीचे पैसे मी वेगळे ठेवलेत, सात वर्षांपासून थोडे थोडे. बाबांच्या औषधांचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या खात्यात पडतील, तशी सोय बँकेत करून आले. आई, तुझ्या बांगड्यांना हात लागणार नाही. घराचं कौल शाकारायचं यंदा राहिलंय तेवढं दादा बघतो म्हणालाय, आणि वहिनीने आपणहून सांगितलं की दोन वर्षं काही बोलायचं नाही. तिला त्यासाठी मी नीट धन्यवादही दिले नाहीत.

लग्नाचं मला ठाऊक आहे, आई. मी नाही म्हणत नाही. फक्त आत्ता नको.

आता माझं ऐका, आणि यात वाद नको.

बाबा, काल एकादशी धरलीत का? फोनवर तुम्ही उत्तर टाळलंत ते मला कळलं. सकाळचं इन्सुलिन घेऊन उपास करायचा नाही. विठ्ठल रागावत नाही. साबुदाण्याची वाटीभर खिचडी म्हणजेही साखरच, पण उपाशी राहण्यापेक्षा ती बरी. टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात जेवण पाहिजे. घाम फुटला, हात थरथरले, उगाच चिडचिड झाली तर आधी साखरपाणी, मग मशीनवर तपासणी. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, 108 लावा. नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कॅलेंडर बदलताना काढू नका.

आई, कुपी फ्रिजच्या दारात, बर्फाच्या खणात कधीच नाही. उघडली की तारीख लिही, चार आठवड्यांनी उरली तरी टाकून दे. जीव तुटला तरी टाक. पोटावर रोज जागा बदल. बाबांची पावलं रात्री स्वतः बघ, त्यांना "आहेत बरी" म्हणू देऊ नकोस. कुळागरात अनवाणी जाणं बंद. आणि तुझं गुडघ्याचं, साखळीच्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी दाखवायचं ठरलं होतं, ते तू गेली नाहीस. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड मी लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवलंय, निळ्या पाकिटात. मुदत दादाला बघायला सांगितली आहे.

मी ओरडतेय असं वाटत असेल. लांब जाताना मला दुसरं काही सुचत नाही. लहानपणी मावशीकडे आठ दिवस जायचे तेव्हा आई, तू माझ्या पिशवीत तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घालायचीस, झोप यावी म्हणून. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. बेळगावला नेणार आहे.

रविवारी येते. तोवर दोघांनी एकमेकांत बोलून घ्या, मग मला काय ते बोला. रागावलात तरी चालेल, गप्प राहू नका.

एक राहिलं. गेल्या महिन्यात औषधवाल्याकडे 40 वाली कुपी संपली होती म्हणून त्याने दुसरी देऊ का विचारलं, असं आई तू सहज बोलून गेलीस. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याने दुसरी काही दिली तर घेऊ नका, दादाला म्हापशाला पाठवा. घरात सिरिंज फक्त लाल टोपणाची आणि कुपीवर आकडा फक्त 40. बाबा, तुम्ही आकडा मोठ्याने वाचायचा, आई, तू टोपण दाखवायचंस, मगच टोचायचं. रविवारी आल्यावर तुम्ही दोघं मला ते करून दाखवायचं आहे.

तुमची,
बाय