दहा दिवसांपैकी किती दिवस पार्कात?

प्रिय मित्रा,

नवी स्की घेण्याबद्दलचं तुझं पत्र परवा मिळालं. "एकच जोडी घेणार, पण ती डोंगरभर चालली पाहिजे आणि पार्कातही," हे वाचून लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं. मग थांबलो. एखाद्या मॉडेलचं नाव कळवून मोकळं होणं सोपं आहे, पण ज्या चुकीपायी माझा एक अख्खा हंगाम वाया गेला तीच तुझ्या हातून व्हायला नको. म्हणून सविस्तर लिहितोय. निवांत वाच.

आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. बर्फावर दहा दिवस घालवलेस, तर त्यातले किती पार्कात, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी बांधलेल्या भागात, जातात? किती जावेत असं वाटतं ते नको, खरोखर किती जातात ते सांग. मी पहिली ट्विन-टिप घेतली तेव्हा डोक्यात फक्त रेल (ज्यांवरून घसरत जायचं त्या धातूच्या दांड्या) आणि जंप होते. म्हणून अगदी मऊ, आखूड, बरोबर मध्यावर बाईंडिंग (बूट स्कीला जखडणारा भाग) बसवलेली जोडी घेतली. प्रत्यक्षात पार्कात माझे दहातले दोनच दिवस जायचे. बाकीचे आठ दिवस सकाळच्या कडक, रात्रभर गोठलेल्या उतारावर ती स्की पायाखाली नुसती फडफडायची. जरा वेग घेतला की पुढची टोकं थरथरायला लागायची, कड धरायची नाही, आणि दुपारपर्यंत मांड्या भरून यायच्या. स्कीत दोष काहीच नव्हता. माझ्या दिवसांशी तिचा मेळ नव्हता, एवढंच.

ट्विन-टिपचं मागचं टोकही वर वळलेलं असतं ते दिसायला छान म्हणून नव्हे, हे तुला ठाऊक आहेच. 1998 मध्ये सॉलोमन कंपनीची टेनएटी ही स्की आली, तेव्हापासून हे खरं रुजलं. नाव पडलं 1080 अंशांवरून, म्हणजे हवेत पुरत्या तीन गिरक्या. त्यामागे माइक डग्लस आणि त्याच्यासोबतची कॅनडाची मोगल, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरण्याच्या, स्पर्धांमधली तरुण मंडळी होती. स्नोबोर्डवाले पार्कात जे करत होते ते त्यांना स्कीवर करायचं होतं, आणि उलटं, म्हणजे पाठमोरं, उतरायचं तर मागचं टोक बर्फात रुतून चालणार नव्हतं. त्यांनी मागितलेली ती एक वळलेली शेपटी पुढे एवढी मोठी झाली, की 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्कीच्या स्लोपस्टाइल (रेल आणि उड्यांचा उतार) आणि हाफपाइप (अर्ध्या नळीसारखी बर्फाची घळ) या स्पर्धा आल्या आणि 2022 ला बीजिंगमध्ये बिग एअर (एकच मोठी उडी). मला ही गोष्ट फार आवडते. चारदोन जणांनी मनापासून काही मागितलं आणि वस्तूचा आकारच बदलला.

पण वळलेल्या शेपटीची किंमत मोजावी लागते, आणि तिथूनच तुझ्या निवडीला सुरुवात होते. टोक वर गेलं की तेवढी कड बर्फावरून उठते. स्कीवर 175 सेंमी लिहिलेलं असलं तरी बर्फाला टेकणारी कड सपाट शेपटीच्या 175 पेक्षा बरीच आखूड भरते. म्हणून एरवी घेतोस त्यापेक्षा तीन ते पाच सेंमी लांब घे. तुझी उंची 175 च्या आसपास, तेव्हा पार्कापुरतीच हवी असती तर 168-170 पुरली असती. तुला डोंगरही हवाय, म्हणून 175-178 बघ. हातात घेतल्यावर ती लांब वाटेल. पायात घालून दोन उतार उतरलास की वाटणार नाही.

दुकानात गेलास की एक कर. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धर आणि बाजूने डोळा लाव. मध्ये फट दिसेल, तो कॅम्बर. मग टोकांकडे बघ, दोन्ही तळ एकमेकांपासून कुठे सुटतात ते. लवकर सुटत असतील तर रॉकर, म्हणजे टोकांचा वर उठलेला बाक, जास्त. आता मधली फट हाताने दाबून मिटव. किती जोर लागला ते लक्षात ठेव आणि शेजारच्या जोडीवर तसंच करून बघ. चार जोड्या अशा दाबल्यास की जाहिरातीतल्या विशेषणांची गरजच उरत नाही. तुला हवाय पायाखाली स्पष्ट कॅम्बर आणि दोन्ही टोकांना थोडासा रॉकर. उडी घेताना दाबलेला कॅम्बर उसळून वर येतो आणि तुला उचलतो, कडक बर्फावर कड धरतो तोही तोच. पूर्ण सपाट किंवा पूर्ण रॉकरवाली स्की पार्कातल्या बॉक्सवर (सपाट माथ्याच्या पेटीवर) अगदी सैल, खेळकर लागते, पण सकाळच्या कडक उतारावर तुझा जीव मेटाकुटीला येईल.

रुंदीवर फार वेळ घालवू नकोस. कमरेला, म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद जागी, 85 ते 88 मिमी ही निव्वळ पार्काची स्की. 105 च्या पुढे भुसभुशीत, खोल बर्फाची. तू 90 ते 96 च्या मध्ये राहा. त्याहून रुंद स्की कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला उशीर लागतो आणि त्याचा ताण गुडघ्यावर येतो. तुझा उजवा गुडघा मी विसरलेलो नाही. बऱ्याच मॉडेलांच्या नावातच हा आकडा असतो, आर्माडाच्या एआरव्ही 96 सारखा, त्यामुळे शोधायला सोपं जातं.

आता लवचीकपणा. इथे मात्र घाई करू नकोस. पार्कवाले मऊ स्कीचं कौतुक करतात ते खोटं नाही. टोकावर वजन टाकून बटर करायचं, म्हणजे बर्फावरच गोल फिरायचं, रेलवर प्रेस धरायचा, म्हणजे एकाच टोकावर भार देऊन सरकायचं, तर स्की वाकली पाहिजे. पण उडीवरून उतरताना वजन जरा मागे गेलं की मऊ शेपटी दुमडते आणि तू थेट बुडावर. तीच शेपटी थोडी ताठ असली तर तुला परत पुढे ढकलते. म्हणून तुझ्यासाठी मी टोकं मऊ, पायाखाली ताठ आणि शेपटी मध्यम असं मागेन. तेही हाताने कळतं. शेपटी जमिनीवर टेकव, एका हाताने टोक धर, दुसऱ्या हाताने मध्यावर दाब. बाक कुठून सुरू होतो ते बघ. फक्त पुढच्या एक-तृतीयांश भागातच वाकत असेल तर उत्तम. एकसारखी कमानीसारखी वाकली तर ती खेळायला छान, वेगाला नाही. आतला गाभा पॉपलरचा आहे की ॲशचा, हे दुकानदार कौतुकाने सांगेल. ऐकून घे, पण विश्वास हातावर ठेव.

आणि आता ती गोष्ट जी लोक शेवटी विचारतात, पण खरं तर जिच्यावर सगळं ठरतं. बाईंडिंग कुठे बसवायचं? त्याच स्कीवर बाईंडिंग चार सेंमी पुढेमागे केलं की ती वेगळी स्की होते. अगदी बरोबर मध्य म्हणजे शून्य धर. पार्कवाले मध्यावर किंवा त्याच्या मागे दोनतीन सेंमीपर्यंत बसवतात. पुढे-मागे सारखी लांबी मिळते, गिरकी तोलात फिरते, उलटं उतरताना मागे पुरेशी स्की राहते. पण पुढे नाक कमी उरतं. खोल बर्फात टोक बुडतं आणि वेगात पुढे टेकायला काही राहत नाही. नेहमीच्या डोंगरी स्कीवर हाच बिंदू मध्याच्या आठ ते बारा सेंमी मागे असतो. तुझ्यासाठी मध्याच्या चारपाच सेंमी मागे. स्कीच्या वरच्या बाजूला, साधारण मध्याजवळ, बारीक रेघा छापलेल्या असतात. बऱ्याच स्कींवर दोन असतात, एक फ्रीस्टाइलची आणि एक कंपनीने सुचवलेली, आणि कधी शेजारी सेंटिमीटरच्या खुणाही. कारागिराने ड्रिल हातात घेण्याआधी तू स्वतः त्या रेघेवर बोट ठेवून "इथे" म्हण. माझ्या त्या पहिल्या जोडीच्या वेळी मी समोर उभा नव्हतो. "पार्कची आहे ना" एवढं गृहीत धरून ती मध्यावर बसवली गेली. भोकं एकदा पडली की नवी भोकं जुन्यांच्या अगदी लगत पाडता येत नाहीत, गाभा कमजोर होतो. मी पुढचा सगळा हंगाम त्या चार सेंमीत अडकून राहिलो.

सरकवता येणारं बाईंडिंगही मिळतं, भाड्याच्या स्कीवर असतं तसं. जड असतं आणि बूट थोडा उंच बसतो, पण आपला बिंदू सापडेपर्यंत तशी भाड्याची जोडी दोन दिवस घेऊन बघायला काहीच हरकत नाही. सकाळी मागे ठेव, दुपारी दोन सेंमी पुढे सरकव. फरक तुझे पाय सांगतील.

कडेबद्दल थोडं. डोंगरी स्कीची कड साधारण दोन मिमीची, पार्कच्या स्कीची बऱ्याचदा अडीच मिमीची. अर्धा मिमी ऐकायला काहीच नाही, पण रेलवर पडलेला प्रत्येक घाव ती कडच झेलते. माझ्या दुसऱ्या जोडीच्या डाव्या स्कीला पायाखाली एक तडा गेला होता. नजरेला केसाएवढी काळी रेघ, नख फिरवलं की टचकन अडकायचं. मी घाबरलो होतो, पण कड जागेवरून हलली नव्हती आणि त्या स्कीवर मी पुढेही बरेच दिवस उतरलो. कड बाहेर ढकलली गेली असेल तर मात्र लगेच दुरुस्त करून घ्यायची, कारण तिथून पाणी आत शिरतं आणि गाभा कुजतो. रेलवर कड अडकू नये म्हणून बरेच जण पायाखालची कड घासून बोथट करतात. तू ते पुरतं करू नकोस. टोकाजवळची आणि शेपटीजवळची कड हलकी घास, पायाखाली फक्त धारेचा तीक्ष्णपणा जरासा कमी कर. पार्काबाहेरचे सगळे दिवस त्याच कडेवर तुला डोंगर उतरायचाय.

तळाचं म्हणशील तर सिंटर्ड तळ मेण पितो आणि पळतो, पण त्याला वेळच्या वेळी मेण लागतं. एक्स्ट्रुडेड तळ हळू, पण सोशिक आणि दुरुस्तीला सोपा. मेण लावायची तुला आवड आहे, म्हणून सिंटर्ड घे.

किती जोर पडल्यावर बाईंडिंग बूट सोडेल ते ठरवणारे डीआयएनचे आकडे स्वतःच्या हाताने फिरवू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तो आकडा निघतो, आणि त्यासाठी आयएसओ 11088 हे मानक आहे. पार्कात कुणीतरी सांगेल की स्की सुटू नये म्हणून दोन आकडे वाढव. ऐकू नकोस. नको तिथे सुटण्यापेक्षा हवी तिथे न सुटणं जास्त महागात पडतं, आणि पुन्हा तोच उजवा गुडघा. बाईंडिंगचा ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारे दांडे) स्कीच्या कमरेपेक्षा थोडा रुंद हवा, पण पंधरा मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर उलटं उतरताना बर्फात ओढला जातो. बुटाचा तळ साधा आहे की ग्रिपवॉक (चालायला सोपा, थोडा वक्र), तेही बघून घे. सगळी बाईंडिंग दोन्हींना चालत नाहीत.

आणि बूट सैल असेल तर वरचं सगळं विसर, आधी बूट बदल. टाच आत उचलली जात असेल तर कुठलीही स्की तुझं ऐकणार नाही.

रंग आणि चित्रं तुला हवी ती घे. सकाळी कपाटातून काढताना आनंद व्हावा अशी स्की जास्त वापरली जाते, हे मी मनापासून मानतो. फक्त ती निवड सगळ्यात शेवटी कर.

तर आता मला तीन गोष्टी कळव. दहातले पार्कातले खरे दिवस किती, आतापर्यंत कुठली लांबी वापरलीस, आणि बुटाच्या टाचेजवळ प्लास्टिकवर मिमीमध्ये कोरलेला तळाच्या लांबीचा आकडा. ते कळलं की मी बाईंडिंगचा नेमका बिंदू काढून पाठवतो. तोपर्यंत स्की विकत घेतलीस तर घे, पण भोकं पाडू देऊ नकोस.

तुझा,
जुना सोबती