आईच्या खोलीपुरता एसी

चि. पल्लवी हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल तू रागानं फोन ठेवलास. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढतो. गणू फोटो काढून तुला पाठवील.

तू पाठवलेलं एसीचं कोटेशन नीट वाचलं. चार एसी, स्टॅबिलायझर, हॉलला पीओपीचं सिलिंग, नवी वायरिंग, मीटरचा लोड वाढवून थ्री फेज, सगळं मिळून २ लाख ९० हजार. माय, घराला अजून रंगाचा वास येतो अन् भिंती पुन्हा फोडायच्या. वायरमन म्हणतो, आत गेलेली वायर पंख्या-लाइटापुरती आहे. एसीला चार एमएमची वेगळी वायर अन् प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारं बटण, लागते. जीएसटी २८चा १८ टक्के झाला, आता स्वस्त आहे, असं तू म्हणालीस. खरं आहे, पेपरात मीही वाचलं. पण एसी स्वस्त झाला म्हणून कर्ज स्वस्त झालं नाही. घराचे हप्ते चालूच आहेत, त्यावर हे पर्सनल लोन कशाला?

तुला वाटलं, बाबाला एसीच नको. तसं नाही. मागच्या एप्रिलात आई घरामागच्या सांदवाडीत चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तू धसका घेतलास. मीही घेतला, बोलून दाखवत नाही एवढंच. दिवसभर स्लॅब ऊन पितो अन् रात्री अकरा वाजता खाली सोडतो. पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो. जुन्या घराला कवेलू होते, मातीच्या हातभर भिंती होत्या. २०१३ साली नागपूरला ४७.९ गेलं, तेव्हा तू दहावीच्या निकालाची वाट पाहत होतीस. भर दुपारी मधल्या घरात चटई टाकून झोपायचीस, आई दाराला ओली चादर लावायची. रात्री आंगणात बाजा टाकायचो अन् तू मला चांदण्यांची नावं सांगायचीस. मला एकही लक्षात राहिलं नाही, पण तुला इतकं येतं याचाच मला आनंद.

तरी पक्कं घर ही आईची हौस होती, ती तू पुरी केलीस. बाहेरगावचा माणूस आता “पल्लवीचं घर कोणतं” असं विचारत येतो. मी मुद्दाम फाटकापर्यंत जाऊन दाखवतो.

माझं म्हणणं ऐक. आधी स्लॅबवर पांढरा कोट मारू, पश्चिमेच्या खिडक्यांवर हिरवी जाळी बांधू. मग एसी एकच, दीड टनाचा, आईच्या खोलीत. आपल्याकडची मेची कोरडी हवा कूलरला चालते. मृगाचा पाऊस पडून दमट झालं की तोच कूलर अंग चिकट करतो, अन् आईला तेव्हाच जास्त त्रास होतो. म्हणून तिच्या खोलीत पाहिजे. हॉलला कूलर पुरे. कूलरला दोनशे वॅट लागतात, तर दीड टनाचा एसी भर उन्हात तासाला दीड युनिटापर्यंत खातो. चार चालले तर बिल ५०० युनिटांच्या वर जाईल, अन् युनिट वाढले की दरही चढतो. तू सोलरचं म्हणालीस. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, पण ती बसवल्यावर खात्यात येते. आधी खिशातून घालायचे, म्हणजे पुन्हा कर्जच.

कर्जाचं काढणार नव्हतो, पण तुला आठवत असेल. २००८च्या कर्जमाफीत पाच एकराच्या आतल्यांचं सगळं गेलं, आपलं सात एकर म्हणून आपण सवलतीवरच राहिलो. उरलेलं भरायला सावकाराकडे गेलो, आईच्या पाटल्या गेल्या. शांताआत्याकडे काय झालं ते तर तू पाहिलंस. त्यानंतर मला कागदावर सही करायचीच भीती बसली. तुझी नोकरी चांगली आहे, तू शिकलेली आहेस, माझ्यापेक्षा हिशेब तुला जास्त कळतो, सगळं खरं. पण आयटीतल्या नोकऱ्यांच्या बातम्या इथंही येतात, अन् तुझा एकटीचा पगार किती दिशांना फाटणार? इतकी कमावती पोरगी, तिला मी लहान लेकरासारखं शिकवून राहिलो. राग मानू नकोस, बाई.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नकोस. अर्थिंग पक्कं पाहिजे अन् ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं बटण, बसलीच पाहिजे. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा करंट लागून कोणी ना कोणी जातं. पाणी भरताना प्लग काढायचा हे आईला मी रोज सांगतो, ती ऐकत नाही. तू सांग, तुझं ऐकते.

एसीचे पैसे मी देणार. कापूस घरात आहे, वाळलेला आहे, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर नेतो; लांब धाग्याला २०२५-२६च्या हंगामाचा क्विंटलला ८११० हमीभाव आहे. यावर वाद नको. तू वायरिंगचं अन् स्लॅबच्या कोटाचं बघ, पण पगारातून, लोन न काढता. वायरमन गुरुवारी येणार आहे, त्याआधी हो किंवा नाही ते कळव. पाहिजे तर आईच्या फोनवर कळव, म्हणजे तिला मला सांगावं तरी लागेल.

तुझे बाबा