कंपनी कायदा कलमांच्या पलीकडे शिकवावा

महोदय,

वाणिज्य आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना कंपनी कायदा शिकवताना एक गोष्ट सातत्याने जाणवते. संचालकाची नियुक्ती, त्याची अपात्रता किंवा सभेच्या सूचनेची 21 दिवसांची मुदत यांविषयीची कलमे विद्यार्थी बिनचूक सांगतात. परंतु एखादा निर्णय घेण्याचा अधिकार संचालक मंडळाचा की भागधारकांचा, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : भागधारक मालक, संचालक त्यांचे नोकर, तेव्हा भागधारक म्हणतील तसे झाले पाहिजे.

कायद्याची मांडणी अशी नाही. सॉलोमन विरुद्ध सॉलोमन हा 1897 चा खटला सर्वांना पाठ असतो, पण कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे या तत्त्वाचा परिणाम कुठवर जातो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले बाचा गझदर प्रकरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. चहा कंपन्यांच्या उत्पन्नातील 60 टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त होता. तेव्हा आपल्याला मिळालेल्या लाभांशाचा तेवढाच हिस्सा करमुक्त धरावा, अशी भागधारक बाईंची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा त्यात मालकी हिस्सा नाही आणि लाभांश जमिनीतून नव्हे, तर भागधारक व कंपनी यांच्यातील करारातून येतो, असे त्यामागचे कारण होते. हा एक निकाल नीट वाचला, तर ‘मालक’ आणि ‘नोकर’ ही जोडी विद्यार्थ्याच्या डोक्यातून आपोआप निघून जाते.

2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 179 प्रमाणे कारभाराचे अधिकार संचालक मंडळाकडे आहेत आणि जे विषय कायद्याने किंवा कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीने भागधारकांच्या सर्वसाधारण सभेसाठी राखून ठेवले आहेत, त्यांत मंडळाला परस्पर निर्णय घेता येत नाही. लाभांशाचेच पाहा. कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीनुसार मंडळाने शिफारस केलेल्या रकमेपेक्षा अधिक लाभांश सभा जाहीर करू शकत नाही, मग बहुमत कितीही मोठे असो. याउलट, मंडळाचे धोरण पटत नसेल तर कलम 169 खाली विशेष सूचना देऊन, त्या संचालकाला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन, साध्या बहुमताने त्याला मुदतीपूर्वी दूर करता येते. म्हणजे भागधारकांना संचालकावर रोजच्या कारभारात हुकूम सोडता येत नाही, पण त्याची खुर्ची मात्र काढून घेता येते. (प्रवर्तक कुटुंबाकडेच बहुसंख्य भाग असतील तर लहान भागधारकाला या अधिकाराचा उपयोग किती, हा प्रश्न वर्गात जरूर निघावा; जुलूम व गैरव्यवस्थापनाविरुद्ध दाद मागण्याचे कलम 241 आणि सामूहिक दाव्याचे कलम 245 तिथूनच समजू लागतात.)

कलम 166 तर केवळ पाठांतराचे राहिले आहे. संचालकाने सर्व सदस्यांच्या सामायिक हितासाठी, तसेच कंपनी, तिचे कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचा विचार करून सद्भावनेने वागावे, असे त्यात म्हटले आहे. एखाद्या गुंतवणूकदाराने नेमलेला संचालक त्या गुंतवणूकदाराच्याच सोयीने मत देत असेल तर काय, असा प्रश्न मी परीक्षेत क्वचितच पाहिला आहे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या सूचीबद्ध कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना वाचायला द्यावी. ती कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. त्यातील कोणता विषय सर्वसामान्य कामकाजाचा, कोणता विशेष, कोणत्या ठरावाला विरोधातील मतांच्या किमान तिप्पट मते लागतात आणि सोबतच्या स्पष्टीकरणात्मक निवेदनात संचालकांचा हितसंबंध कसा उघड केला आहे, हे त्याने स्वतः शोधावे. अभ्यास मंडळांनी अशा वाचनाला अंतर्गत गुण ठेवावेत आणि लेखी परीक्षेत ‘टिपा लिहा’ऐवजी निदान एक प्रश्न असा विचारावा, ज्यात ठराव समोर ठेवलेला असेल आणि तो कोणी, कोणत्या बहुमताने संमत करायचा, हे कारणांसह सांगायचे असेल.

आपला नम्र,
कंपनी कायद्याचा एक अध्यापक