तिची कमाई नको, तिचे काम मोजा

महोदय,

घरातल्या बाईसाठी वेगळा गंभीर आजार विमा घ्यावा का, असा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पण ती कुठे कमावते?" मला वाटते, सगळा हिशेब इथेच चुकतो.

माझ्या वहिनीला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा रुग्णालयाचे बिल आरोग्य विम्यातून भागले. आम्ही म्हटले, निभावले. पण शस्त्रक्रियेनंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तरी मुलाला हाक मारावी लागे. रेडिएशनसाठी आठवड्यातले पाच दिवस जायचे, म्हणजे सोबत कुणीतरी हवेच. भावाची हक्काची रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. माझ्या आईचे औषधपाणी, अंघोळ, रात्रीचे उठणे हे सगळे वहिनीच बघायची. त्यासाठी पगारी बाई ठेवावी लागली आणि वहिनी इतकी वर्षे काय करत होती ते आम्हाला पहिल्यांदा आकड्यात दिसले. मला त्याची आजही लाज वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनमोबदला सेवा-कामाच्या एकूण तासांपैकी 76.2 टक्के तास बायकांचे असतात. हे तास थांबले की खर्च सुरू होतो, आणि तो कुठल्याच रुग्णालयाच्या बिलात नसतो.

गंभीर आजार विमा निघाला तोच या खर्चासाठी. दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यविशारद डॉ. मारियस बर्नार्ड यांच्या लक्षात आले, की आपण वाचवलेले रुग्ण पुढे पैशाअभावी खचतात. त्यांच्याच पुढाकाराने 1983 मध्ये अशी पहिली पॉलिसी आली. यादीतल्या आजाराचे निदान झाले आणि अटी पुऱ्या झाल्या की एकरकमी पैसे मिळतात. ते औषधाला वापरा, नाहीतर मदतनिसाच्या पगाराला.

पण अटी नीट वाचायला हव्यात, आणि खरी गोम तिथेच आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या मॅमोग्राफीत अगदी सुरुवातीचा, दूधनलिकेबाहेर न पसरलेला कर्करोग सापडला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले. क्लेम मात्र नामंजूर, कारण तिच्या पॉलिसीच्या व्याख्येत पसरलेला कर्करोगच बसत होता. वेळेवर तपासणी केली म्हणून जीव वाचला आणि त्याच कारणाने पैसे गेले! काही पॉलिसींत या अवस्थेला थोडी रक्कम मिळते, काहींत काहीच नाही. शिवाय सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे त्या काळात आजार निघाला तर पैसे मिळत नाहीत, आणि निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण जिवंत असला पाहिजे अशीही अट बहुधा असते. संधिवात, ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) यांसारखे बायकांना कितीतरी जास्त होणारे आजार अनेक याद्यांत नसतात, किंवा फार बळावल्यावरच धरले जातात.

"खास महिलांसाठी" म्हणून गुलाबी माहितीपत्रकातून विकल्या जाणाऱ्या योजनांबद्दल मी साशंक आहे. 2022 मध्ये जगात सुमारे 23 लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, त्यामुळे ती भीती खोटी नाही. पण स्त्रियांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. फक्त स्तन आणि गर्भाशयाचे कर्करोग धरणारी पॉलिसी घेतली, तर हृदयविकार आणि पक्षाघात बाहेरच राहतात.

सगळ्यांनाच हा विमा हवा असे मी म्हणणार नाही. मुळात साधा आरोग्य विमा नसेल तर आधी तो घ्यावा. वर्षभर घर चालेल एवढी शिल्लक आणि भरपगारी आजारपणाची रजा असेल, तर हप्ता वाचवलेला बरा. उलट एकटी राहून कमावणारी, किंवा एकटीने मूल वाढवणारी बाई असेल, तर तिने हा विचार सगळ्यात आधी करावा. तिच्या जागी उभे राहायला दुसरे कुणी नसते.

आपल्याला एक विनंती आहे. विम्यावरच्या लेखांत हप्त्यांचे तक्ते नेहमी असतात. एकदा त्या जागी कर्करोग, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या पॉलिसीतल्या व्याख्या सोप्या मराठीत उलगडून छापाव्यात. कुठल्या अवस्थेला पैसे मिळतात आणि कुठल्या नाही, एवढे तरी सही करण्याआधी बायकांना कळेल.

आपली,
एक वाचक