पहारेकऱ्याची रिकामी ओळ

टेपवाले काका,

स. न. वि. वि.

नाव कुठेही यायला नको असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून ताईने तुम्हाला ठेवलेलं नावच वापरते आहे. आणि उघड पत्र एवढ्यासाठी, की फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून फोन ठेवून देता. आता ठेवून दाखवा.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. मी नऊ वर्षांची आणि ताई चौदाची असताना आमच्या घरी भाड्याने आणलेल्या एका व्हिडिओ कॅसेटमधून भलताच पिक्चर निघाला. डबीवर नाव एकाचं, आत दुसराच. इंग्रजी होता, विनोदी होता, परग्रहावरची महाराणी पृथ्वी जिंकायला येते असं काहीतरी होतं. महाराणीचा झगा बाथरूमच्या पडद्याचा होता, वरच्या काठाला कड्यांची भोकं तशीच होती. तिचा राक्षस म्हणजे हिरवा रंग फासलेला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप. तो वळवळायला लागला की मागे कुणाचं तरी मनगट दिसायचं, घड्याळासकट. सेनापतीची मिशी ऐन वाक्यात सुटली, त्याने ती हवेतच झेलली आणि मुठीत धरून उरलेलं वाक्य म्हणून टाकलं. कॅमेरा चालूच. पुन्हा घ्यायला फिल्म परवडत नसावी.

मला इंग्रजी येत नव्हतं, ताई सांगत होती. महाराणी लष्कराच्या इमारतीत शिरायला जाते, दारातला पहारेकरी तिला काहीतरी म्हणतो आणि ती किंचाळते. मी विचारलं, काय म्हणाला? ताई म्हणाली, "महाराणी, पृथ्वी आज बंद आहे, उद्या या."

मी सोफ्यावरून खाली पडले. त्या रात्री आम्ही तो पिक्चर तीनदा पाहिला आणि ते वाक्य कायमचं घरात राहायला आलं. अभ्यासाला हाक मारली की पृथ्वी बंद. मी मुलाखतीत आपटले त्या संध्याकाळी ताईचा तेवढाच मेसेज. आणि गेल्या वर्षी तिला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून ती म्हणाली, "उद्या या." दार बंद झालं. पुढचे पाच तास मी कसे काढले ते इथे लिहीत नाही.

ती घरी आली, सहा आठवडे पडून राहायचं होतं, आणि मी हा पिक्चर शोधून काढायचाच असं ठरवलं. नाव तेवढं कसंबसं आठवत होतं. मला वाटलं होतं, एवढं मोठं इंटरनेट आहे, दोन दिवसांत मिळेल.

कुठलं काय. जुन्या चित्रपटांचं जतन करणाऱ्या एका संस्थेने दोन ओळींत कळवलं की कलात्मक किंवा ऐतिहासिक मूल्य असलेल्या कृतींनाच ते प्राधान्य देतात. एकाने पैसे घेऊन डीव्हीडी पाठवली, ती कोरी निघाली. आणि मग ते संग्राहक सद्गृहस्थ. त्यांच्याकडे पिक्चर होता. त्यांनी माझी अर्धा तास तोंडी परीक्षा घेतली. तुम्हाला या प्रकारातलं काय कळतं? कॅम्प (म्हणजे इतका भडक आणि नाटकी, की त्याचीच मजा वाटावी) आणि नुसता वाईट सिनेमा यातला फरक सांगा. मी भाबडेपणाने पहारेकऱ्याचं वाक्य सांगितलं, तर म्हणाले, असा संवाद त्या चित्रपटात नाही, तुमची आठवण चुकीची आहे, आणि हा कॅम्प नाहीच, हा टुकारपणा आहे. सूझन सॉन्टॅग वाचा आणि मग या.

वाचल्या, काका. रागाने वाचल्या. या अमेरिकी लेखिकेचा कॅम्पवरचा १९६४ सालचा निबंध ५८ टिपांचा आहे. अस्सल कॅम्प भाबडा असतो, स्वतः कॅम्प आहोत हे ठाऊक असलेला कॅम्प तितका रंगत नाही, असं बाई म्हणतात खऱ्या. सद्गृहस्थांना तेवढंच पाठ होतं. शेवटाकडे ५५व्या टिपेत त्या म्हणतात की ही आवड म्हणजे आस्वाद घेणं, निवाडा करणं नव्हे. ५६व्या टिपेत तर सरळ प्रेम हाच शब्द वापरतात, मनुष्यस्वभावावरचं प्रेम. तिथपर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी पुस्तक मिटलेलं दिसतंय.

मग तुम्ही. मी एका जागी टाकलेल्या चार ओळी वाचून तुमचा फोन आला. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "ताई आता कशा आहेत?" पिक्चरचा विषय त्यानंतर निघाला. कॅसेट आहे, पण बुरशी लागलीय, बघतो काय होतं ते, म्हणालात. ती बुरशी कशी काढलीत, फिरत नसलेली टेप कशी फिरवलीत, ते सगळं तुम्ही सांगितलंत आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. दहा दिवसांनी पाकीट आलं. त्यात एक पेन ड्राइव्ह, आणि मूळ कॅसेटही, डबी हातात घ्यावीशी वाटेल म्हणून. आणि चार घड्या घातलेला एक कागद.

मला लिहायचंय ते त्या कागदाबद्दल.

रात्री ताईच्या पलंगासमोर लॅपटॉप ठेवला. नेमकं ४३व्या मिनिटाला, महाराणी दाराकडे निघते आणि चित्र फाटतं. राखाडी पट्टे, खरखर, मग एकदम पुढचाच प्रसंग. दोन-अडीच मिनिटं गायब. तुम्ही हे आधीच सांगितलं होतं, तरी पोटात खड्डा पडला. नेमकं तेवढंच जावं? मी पिक्चर थांबवला आणि तुमचा कागद उघडला.

रेघांचा फुलस्केप. निळी शाई, पात्रांची नावं समासात, खाली लाल रेघ. गायब झालेला सगळा प्रसंग तुम्ही आठवून मराठीत लिहून काढला होता, नाटकाच्या संहितेसारखा. मी मोठ्याने वाचायला लागले.

(महाराणी जिना उतरते. झगा पायरीला अडकतो, फाटल्याचा आवाज येतो. ती थांबत नाही.)

(पहारेकरी दोनदा कॅमेऱ्याकडे बघतो. हा बहुधा नट नसून इलेक्ट्रिशियन असावा.)

महाराणी : बाजूला हो, क्षुद्र प्राण्या!

पहारेकरी : ........................ (हे तुमच्या ताई सांगतील.)

महाराणी : (किंचाळते.)

मी थांबले. खोलीत दिवा नव्हता, फक्त लॅपटॉपचा राखाडी उजेड. ताई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. आणि मग उशीवरून तिचा जड आवाज आला, "महाराणी, पृथ्वी आज बंद आहे." मी उद्या या म्हणायच्या आत ती स्वतःच फिस्सकन हसली आणि दोन्ही हातांनी पोटावर उशी दाबून धरली. "हसवू नकोस गं, टाके दुखतात." ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती अशी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण. माझ्या पाण्यात हसण्याशिवायही काही होतं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "अगं, मला तरी तेव्हा कुठे इंग्रजी कळत होतं?"

म्हणजे सगळं तिने रचलेलं! पहारेकऱ्याचंच काय, तीनही वेळा ऐकलेला अख्खा पिक्चर चौदा वर्षांच्या पोरीने जागच्या जागी रचलेला होता, तिन्ही वेळा न चुकता तसाच. मला हे इतक्या वर्षांनी कळलं. संग्राहक सद्गृहस्थांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं, तो संवाद त्या पिक्चरमध्ये नाहीच.

आणि हे तुम्हालाही ठाऊक होतं, काका. तुम्ही तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला आहे की झगा फाटल्याचा आवाज तुम्हाला पाठ आहे. पहारेकरी काय म्हणतो ते तुम्हाला माहीत नसणं शक्यच नाही. लिहायला बसलात, त्याच्या नावाखाली लाल रेघ मारलीत, आणि पेन थांबवलंत. टिंबं काढलीत. मी मोजली, चोवीस आहेत.

त्याच रात्री जॉन वॉटर्सच्या 'पॉलिएस्टर' या विनोदी अमेरिकी पिक्चरची आठवण झाली. १९८१ साली त्या पिक्चरबरोबर प्रेक्षकांच्या हातात एक कार्ड दिलं जायचं, त्यावर दहा गोल. पडद्यावर आकडा उमटला की त्या आकड्याचा गोल खरवडायचा आणि हुंगायचा. पहिल्या गोलाला गुलाब, आणि पुढे कुठे कुठे नाकाला पदर लावायची पाळी. आमच्याही हातात कार्ड होतं. ४३ हा आकडा आला, आम्ही खरवडलं, आणि आमचंच जुनं घर आलं.

पिक्चर चांगला आहे का? नाही हो. तुम्हाला वाईट वाटणार नाही म्हणून लिहिते. सबंध पाहिला तर आठवणीतले सगळे मोती पहिल्या पाऊण तासात आहेत आणि पुढे नुसती दोरी. एकाच कॉरिडॉरमधून माणसं इकडून तिकडे पळतात, मग तिकडून इकडे. लांबी भरायला पळवलेली आहेत हे उघड दिसतं. एका जाड्या नटावरचे विनोद तेव्हाही हीनच असणार, आता तर ऐकवत नाहीत. तासाभराने ताई खरोखरच झोपली. मी शेवटपर्यंत पाहिला आणि मधल्या मधल्या वेळात फोन बघितला, हेही कबूल करते.

पण या असल्या पिक्चरांचं माझं कधीच सरळ जमत नाही. एड वुड या दिग्दर्शकाच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये बेला लुगोसी या ड्रॅक्युलाफेम नटाचं मोजकंच चित्रण आहे. १९५६ साली तो वारला, आणि त्याच्या जागी वुडने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके बसवून देणाऱ्याला, उभा केला, लुगोसीपेक्षा उंच, तोंडावर झगा ओढून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खो-खो हसले. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मित्र गेला, हातात तेवढीच थोडी फिल्म उरली, ती टाकवेना, म्हणून हा माणूस जमेल ते करत होता. तिसऱ्यांदा पुन्हा हसले. 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज' या १९७८च्या पिक्चरमध्ये हेलिकॉप्टर पडतं ते खरंच पडलं होतं, ठरवून नव्हे. सुदैवाने माणसं वाचली, आणि त्यांनी तो अपघात पिक्चरमध्येच ठेवला. गरिबीतला हा निर्लज्जपणा मला भारी आवडतो. उलट मुद्दाम वाईट काढलेले, मागून सारखी कोपरखळी मारणारे पिक्चर मला दहा मिनिटांच्या वर सोसत नाहीत. तिथे सॉन्टॅगबाईंचं पटतं.

आणि प्रेक्षकाने आपल्या पदरचं घालणं ही काही आमच्या ताईचीच मिजास नाही. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ला आला आणि आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, आणि तिथे लोक पडद्यावरच्या पात्रांना मोठमोठ्याने उत्तरं द्यायला लागले. संवादांच्या मधल्या जागा त्यांनी आपल्या वाक्यांनी भरल्या. पुढे ती वाक्यंच लोकांना पाठ झाली. म्हणजे ताई अगदीच परंपरेतली. फक्त तिचं थिएटर एका सीटचं होतं आणि त्या सीटवर मी होते.

काका, तुम्ही मला ऋणी केलंत असं लिहिलं तर तुम्ही हसाल. तरी एक सांगते. गेलं वर्षभर आम्ही दोघी ज्यांचं सगळं बरोबर असतं अशा माणसांत वावरलो. रिपोर्ट वाचणारे बरोबर होते, खर्च सांगणारे बरोबर होते, "आता असं असं होणार" सांगणारेही बरोबरच निघाले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांचं कामच ते. पण माहीत असलेली गोष्ट न सांगता कुणीतरी दुसऱ्यासाठी जागा ठेवावी, हे वर्षभरात एकदाच घडलं, आणि तेही बाथरूमच्या पडद्यातल्या महाराणीच्या निमित्ताने.

ताई आता हिंडती-फिरती आहे. परवा तिने कागद मागून घेतला आणि पेन्सिलीने टिंबांवर ते वाक्य लिहिलं. चोवीस टिंबांत मावलं नाही, 'या' समासात गेलं. कागद तिने परत केलेला नाही आणि करेलसं दिसत नाही. कॅसेट मात्र जपून ठेवली आहे, या आठवड्यात पाठवते.

तो पहारेकरी खरं काय म्हणतो हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर येतं. विचारत नाही. ताईने निरोप दिलाय की चुकूनसुद्धा कळवलंत तर कॅसेट विसरा.

तुमची,
ताईची धाकटी