न्यायाधीश कोणी नेमला, एवढ्यावरून निकाल कळत नाही

महोदय,

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतील निकालांच्या बातम्या आपल्याकडे छापून येतात, तेव्हा न्यायाधीश कोणत्या अध्यक्षाने नेमलेला आहे हे हटकून सांगितले जाते. ही माहिती चुकीची नसते. पण पुरावा काय होता आणि वाद कायद्याच्या कोणत्या मुद्द्यावर होता, हे सांगायला मग जागा उरत नाही आणि वाचक निकालाचा पक्ष ठरवून मोकळा होतो. अलाबामातील न्या. फ्रँक जॉन्सन यांची कारकीर्द पाहिली की या सवयीचा फोलपणा लक्षात येतो.

जॉन्सन यांचा जन्म १९१८ मध्ये अलाबामाच्या उत्तरेकडील डोंगराळ विन्स्टन परगण्यात झाला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत झालेल्या यादवी युद्धाच्या वेळी या परगण्याने राज्याच्या फुटून निघण्याला विरोध केला होता आणि पुढेही तो रिपब्लिकनांचाच राहिला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत जखमी होऊन परतलेल्या या वकिलाला रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या जिल्हा न्यायालयावर नेमले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आपल्याकडे एखादा कायदा घटनाबाह्य आहे असे जिल्हा न्यायालयाला वाटले, तरी तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. तिथे मात्र साक्षीपुरावा ऐकणारा न्यायाधीशच, त्या काळी काही प्रकरणांत तिघांच्या पीठात बसून, कायदा रद्द ठरवू शकतो. साहजिकच लोकांचा रागही आधी त्याच्याच दारात येतो.

माँटगोमेरीच्या बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांनी केलेला दावा जून १९५६ मध्ये अशाच पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी मान्य केला. जॉन्सन यांच्याबरोबर न्या. राइव्ह्ज होते, विरोधी मत न्या. लिन यांचे होते. राइव्ह्ज आणि लिन या दोघांचीही नेमणूक डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रुमन यांनी केली होती! नेमणूक करणाऱ्याच्या नावावरून या निकालाचे भाकीत कोणी कसे करणार होते?

पुढे जॉन्सन यांच्या घरासमोर क्रूस जाळण्यात आला, ही वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण, आणि १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. सुदैवाने त्या बचावल्या. जॉन्सन यांचे विधी महाविद्यालयातील सहाध्यायी आणि पुढे अलाबामाचे गव्हर्नर झालेले जॉर्ज वॉलेस यांनी तर या न्यायाधीशाला शिव्या घालणे हे आपल्या राजकारणाचे भांडवलच करून टाकले.

तरीही त्यांना चळवळीचे न्यायाधीश म्हणणे बरोबर होणार नाही. मार्च १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातील सेल्माहून निघणारा मोर्चा त्यांनी सुनावणी होईपर्यंत थांबवायला सांगितला होता. पोलिसांच्या लाठ्यांचा पुरावा ऐकल्यावर, अन्याय जेवढा मोठा तेवढा निषेधाचा हक्कही मोठा, अशी भूमिका घेऊन त्यांनी परवानगी दिली. पण रस्ता दोनपदरी असेल तिथे ३०० पेक्षा जास्त लोकांनी चालू नये, अशी मर्यादाही मान्य केली. अलाबामातीलच टस्कीगी शहरातील कृष्णवर्णीय मतदारांना वगळण्यासाठी शहराची हद्द अठ्ठावीस बाजूंची करण्यात आली होती. त्याविरुद्धचा दावा त्यांनी फेटाळला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल फिरवला. लष्करातील स्त्रियांच्या पतींना मिळणाऱ्या सवलतींच्या फ्रॉन्टिएरो प्रकरणात मात्र पीठाच्या बहुमताविरुद्ध मत देऊन ते स्त्रियांच्या बाजूला होते.

माझ्या मते त्यांचे सर्वांत कसदार काम फारसे चर्चेत नसते. टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातील कर्मचारी कपातीवरून सुरू झालेल्या खटल्यात त्यांनी १९७१ मध्ये असे ठरवले की, सरकार एखाद्याला उपचारासाठी म्हणून डांबून ठेवत असेल, तर उपचार मिळणे हा त्याचा घटनादत्त हक्क आहे. सुधारणेसाठी सरकारला मुदत दिली; ती वाया गेल्यावर १९७२ मध्ये रुग्णांमागे किती कर्मचारी हवेत, आहार आणि राहण्याची जागा कशी हवी, इथपर्यंतची मानके आदेशात घातली. न्यायाधीशाने कारभार हाती घ्यावा का, हा टीकाकारांचा आक्षेप गंभीर होता आणि आजही आहे. पण त्या आक्षेपाचा विचार करायलाही रुग्णालयात काय चालले होते हे आधी वाचावे लागते. आयझेनहॉवर हे नाव तिथे काहीच मदत करत नाही.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे की, अशा बातम्यांत नेमणूक करणाऱ्या अध्यक्षाचे नाव हवे तर जरूर द्यावे, पण दावा कोणी केला, पुरावा कोणता मांडला गेला, आदेश अंतरिम आहे की अंतिम आणि अपील कुठे होऊ शकते, हे चार ओळींत तरी त्याच्या आधी यावे.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा